अंबादासची आई

(जालन्यातली एक ओसरी, १९९८. अंबोकिले आणि लुसाजो एकमेकांशी बोलतात ते टांझानियातल्या त्यांच्या तुकुयु गावच्या बोलीत. केशरबाईंशी मात्र मराठीत. केशरबाई अंबोकिलेला अंबादास म्हणतात.)

केशरबाई : पास झालो म्हंतोस, मंग तोंड काहून असं पाडून बसलास? पोरं पास झाली की गुलाल उधळत्यात.

लुसाजो : पास झालो, मावशी. इंजिनियर झालो. शनिवारी मुंबई, मग विमान.

केशरबाई : मंग पाणी तरी घे. अंबादास येईलच आता, सळयांच्या मिलची पाळी सुटली असंल. तुझीच वाट पाहून राह्यला. 'लुसाजो आला की आमी दोघं संगं जाऊ,' एकच धोशा लावलाय.

लुसाजो : तो येण्याच्या आधी मला तुम्हाला बोलायचं आहे. माझी मराठी थोडी. तुम्ही समजून घ्या.

केशरबाई : घेते की. त्याचं बोलणं समजून घेतलं ते तुझं का न्हाई घेणार? आला तव्हा त्याला 'मीठ' म्हणता येत नव्हतं. अन् आता गल्लीतल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त शिव्या देतो.

लुसाजो : अंबोकिलेची आई... नाही.

केशरबाई : न्हाई म्हंजे? घरी न्हाई? कुठं गेल्ती?

लुसाजो : नाही, मावशी. मेली.

केशरबाई : अगं माय!

लुसाजो : मी चूक बोललो?

केशरबाई : आईला मेली म्हणू न्हाई रं. जनावर मरतं. माणसाला गेली म्हणावं.

लुसाजो : गेली म्हटलं तर परत येते ना? मी बाजाराला गेलो, परत आलो. तसं नाही. ती परत नाही येणार.

केशरबाई : कळलं. कळलं मला बाबा. कव्हा?

लुसाजो : एक महिना झाला. काल रिझल्ट सांगायला मी घरी फोन लावला, एसटीडीवरून. माझे वडील बोलले. ताप आला होता तिला. माती पण दिली. पत्र टाकलं म्हणाले, ते इथं आलं नाही.

केशरबाई : महिना झाला! अन् हे लेकरू हिथं तिच्यासाठी लुगडं घेऊन ठिवतंय! हिरवं, काठाचं. मला म्हणे, मावशी, तुमी खांद्यावर टाकून दाखवा, माझी आई तुमच्याएवढीच उंच हाये.

लुसाजो : आता सांगायचं कसं, ते मला माहीत नाही.

केशरबाई : सांगूच नको.

लुसाजो : नाही सांगू?

केशरबाई : ऐक माझं. त्याचे कागद संपले तव्हापासून खाकी कपडा दिसला की तो गल्ली बदलतो. शिनिमाला जात न्हाई, जत्रंला जात न्हाई. मिल अन् घर, घर अन् मिल. आता कुठं आईनं फोनवर म्हटलं, 'तू ये, मी हाये,' तव्हा कबूल झालाय. पोलीस कचेरीत मी सोताहून जाईन म्हंतो, जेल झाली तर भोगीन, पण घरी जाईन. आज तू सांगितलंस तर तो हिथंच बसन. जाऊ दे त्याला. तिकडं आपल्या माणसांत जाऊन रडन.

लुसाजो : पोलीस त्याला आत ठेवतील. किती दिवस, कोणाला माहीत नाही. तो आईसाठी आत बसेल आणि आई नाही. हे मला माहीत, तुम्हाला माहीत, फक्त त्याला नाही.

केशरबाई : पण बाहेर तर पडन ह्या कोंडवाड्यातून.

लुसाजो : आणि सोडलं, तर विमानात तो माझ्या बाजूला बसेल. आई असं करेल, आई तसं करेल. मी ऐकू?

केशरबाई : आमचे मालक गेले ना, तव्हा मी वडीगोद्रीला होते. चुलत बहिणीचं लगीन होतं. मला कोणी सांगितलं न्हाई. भाऊ म्हणला, 'दाजीला जरा बरं न्हाई, चल.' म्या लग्नातले लाडू बांधून घेतले, मालकांना आवडत्यात म्हून. सगळ्या वाटंनं मांडीवर घेऊन बसल्ते. दारात गर्दी दिसली तव्हा समजलं.

लुसाजो : भावानं चांगलं केलं?

केशरबाई : त्यानं माझ्या भल्यासाठीच केलं.

लुसाजो : चांगलं केलं, मावशी?

केशरबाई : न्हाई. त्याच्याशी बोलते मी, राखी बांधते. पण त्या बसमधी तो माझ्या बाजूला बसून शेंगा खात होता, ते काही डोळ्यापुढून जात न्हाई.

लुसाजो : मग मी पण शेंगा खाऊ?

केशरबाई : बरं. सांग. पण आधी त्याला जेवू दे. सकाळपासून भट्टीपाशी उभा हाये. एक भाकर तरी पोटात जाऊ दे, मंग सांग.

लुसाजो : ठीक. जेवल्यावर.

केशरबाई : डोळे पूस. सायकल वाजली त्याची.

अंबोकिले : मावशी! आला का तो? आलास! उभा राहा, उभा राहा, बघू दे. तुकुयुचा पहिला इंजिनियर!

लुसाजो : पहिला तू होणार होतास.

अंबोकिले : सोड ते. थिअरी ऑफ मशीन्समध्ये किती पडले?

लुसाजो : बासष्ट.

अंबोकिले : बासष्ट! ज्या विषयानं मला तीनदा खाली बसवलं, त्यात माझ्याच वहीवरनं बासष्ट! मावशी, ऐकलं का? मला नापास केलं त्या पेपरात ह्यानं बासष्ट घेतले. मीच शिकवलं ह्याला, हिथं ओसरीवर बसून.

केशरबाई : ऐकलं. तू हातपाय धू. वाढते मी.

अंबोकिले : आत्ताच? चहा न्हाई का आधी?

केशरबाई : जेव म्हणते ना.

अंबोकिले : येतो, येतो. लुसाजो, खरं सांग, पहिल्या वर्षी तुला वाटलं होतं असं होईल?

लुसाजो : पहिल्या वर्षी मला रोज परत जावंसं वाटायचं. होस्टेलच्या खिडकीखालून पोरं ओरडत जायची. बाजारात एक बाई माझ्या केसांना हात लावून बघायची आणि मग तोच हात पदराला पुसायची. कोपऱ्यावर खोलीची पाटी असायची, मी विचारलं की खोली गेलेली. दुसऱ्या दिवशी पाटी तिथंच.

अंबोकिले : माझा वर्गातला पहिला दिवस सांगितला होता ना तुला? एकोणनव्वद साल. सर आले, फळ्यावर इंग्रजीत लिहिलं आणि समजावून सांगितलं मराठीत. तासभर. मी शेजारच्याला विचारलं, सर काय म्हणाले? तो म्हणाला, 'सोपं आहे म्हणाले.'

लुसाजो : म्हणून तू मला सांगितलंस, पहिल्या बाकावर बस, सरांच्या तोंडाकडे बघू नकोस, खडू धरलेल्या हाताकडे बघ.

अंबोकिले : आणि ती कॉम्प्युटरची खोली! बूट बाहेर काढायचे, एका ओळीत आत जायचं. आत थंडगार. सरांनी वरचं कापड उचललं, आम्हाला दाखवलं आणि परत झाकलं. अख्ख्या वर्षात माझं बोट त्याला दोनदा लागलं असेल. आईला फोनवर सांगितलं, इथं यंत्रापुढे चपला काढतात. ती म्हणाली, मग तिथं प्रार्थना पण करत जा, पास होशील.

लुसाजो : हं.

अंबोकिले : हस की. तुला सांगितलं नव्हतं का हे?

लुसाजो : सांगितलं होतं. आमच्या वेळी सहा जणांत एक होता. एकजण टाइप करायचा, बाकीचे मागून माना वाकड्या करून बघायचे. मी मागेच असायचो.

अंबोकिले : पण पास झालास. मी कावीळ झाली त्या वर्षी नापास झालो, तिथंच सगळं घसरलं. नापास झालो म्हणून घरच्या सरकारनं स्कॉलरशिप बंद केली. स्कॉलरशिप नाही म्हणून प्रवेश गेला. प्रवेश नाही म्हणून व्हिसा गेला. एकाला एक दात लागलेला, गिअरसारखं. सगळं फिरून माझ्यावरच आलं.

केशरबाई : गप्पा मारताय का भाकर गार करताय? ये ना रं आत.

अंबोकिले : आलो, मावशी! लुसाजो, ह्या बाईनं मला ठेवून घेतलं नसतं ना, तर मी कुठल्या स्टेशनवर मेलो असतो. साहेबरावकाका मिलमध्ये मुकादम होते. ह्या अख्ख्या जालन्यात मला खोली मिळत नव्हती. त्यांनी मला घरी आणून उभं केलं. मावशीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, 'माझ्या सासऱ्याला गावच्या हाटेलात कप वेगळा होता. आता ह्याला मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?' तेव्हा मला त्यातलं अर्धंच कळलं होतं.

लुसाजो : आज मला पण सांगितलं त्यांनी थोडं. काका गेले तेव्हाचं.

अंबोकिले : ते सांगितलं? ते त्या कोणाला सांगत नाहीत. बरं, माझा बेत ऐक. उद्या सकाळच्या बसनं औरंगाबाद. तू माझ्याबरोबर पोलीस कचेरीच्या खिडकीपर्यंत चल. मी म्हणेन, साहेब, माझी मुदत संपून चार वर्षं झाली, मी चोरी केली नाही, कोणाला मारलं नाही, सळया ओढल्या. मला घरी पाठवा. ते ठेवतील थोडे दिवस आत. मग तू पुढे जा, आईला सांग, मागून येतोय.

लुसाजो : मला घरी जायचीच भीती वाटते, अंबोकिले.

अंबोकिले : तुला? तुला कसली?

लुसाजो : चहाच्या फॅक्टरीचा बॉयलर बंद पडलाय. वडील म्हणाले, सगळे म्हणतायत, लुसाजो येईल आणि चालू करेल. मी बॉयलर फळ्यावर पाहिलाय. एकदा सहलीला नेलं होतं, तेव्हा दुरून. ते सगळे फाटकापाशी उभे राहतील आणि मी पदवीचा कागद धरून आत जाणार. मग?

अंबोकिले : मग नळ्यांतली घाण काढायची. पहिल्यांदा नेहमी घाणच असते. घाबरू नकोस, मी येतोच आहे मागून, मिळून बघू. आईला म्हणावं, दोन खाटा टाक. तू तिच्याशी कधी बोललास शेवटचं?

लुसाजो : मी? मी वडिलांशी बोललो. काल.

अंबोकिले : मग आईला बोलवायचं ना. चार घरं सोडून तर आहे.

लुसाजो : लाइन खराब होती.

केशरबाई : अंबादास! ताट वाढलंय.

अंबोकिले : हे काय, मावशी? अंडी? आज कोणता सण?

केशरबाई : सण कशाला पाहिजे? बस.

अंबोकिले : मावशी, म्या बूट घालून चुलीपर्यंत आलो.

केशरबाई : असू दे.

अंबोकिले : असू दे? इतक्या वर्सांत तुमी कधी असू दे म्हणला न्हाईत. काका गेले त्या दिवशी बी, घरात रडारड चालल्ती, तरी मला म्हणला होता, बूट बाहेर. काय झालं?

केशरबाई : आधी घास घे.

अंबोकिले : काय झालं, मावशी?

केशरबाई : लुसाजो, बाबा, सांग आता. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं.

अंबोकिले : लुसाजो?

लुसाजो : आई.

अंबोकिले : कोणाची?

लुसाजो : तुझी.

अंबोकिले : आजारी आहे?

लुसाजो : नाही.

अंबोकिले : नाही म्हणजे?

लुसाजो : अंबोकिले, खाली बस.

अंबोकिले : कधी?

लुसाजो : महिना झाला. ताप होता. दवाखान्यात नेलं होतं.

अंबोकिले : कोण होतं?

लुसाजो : तुझी बहीण होती. माझे वडील होते. चर्चचे लोक होते.

अंबोकिले : कुठं ठेवलं?

लुसाजो : घरामागं, केळींत. तुझ्या वडिलांच्या शेजारी.

अंबोकिले : पाऊस होता?

लुसाजो : माहीत नाही.

अंबोकिले : विचारलं नाहीस?

लुसाजो : नाही.

अंबोकिले : पाऊस असला की तिथली माती धरत नाही. बाबांच्या वेळी मी आत उतरून फळ्या लावल्या होत्या. ते दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

लुसाजो : लावल्या असतील कोणीतरी.

अंबोकिले : माझ्याबद्दल काही बोलली का?

लुसाजो : वडील सांगत होते. 'जाताना तिनं अंबोकिलेला' एवढं म्हणाले आणि लाइन तुटली. मी परत लावली. बूथवाला दुकान बंद करेपर्यंत लावत होतो. लागली नाही.

अंबोकिले : 'अंबोकिलेला' काय?

लुसाजो : माहीत नाही.

अंबोकिले : 'अंबोकिलेला बोलवा' असेल. नाहीतर 'अंबोकिलेला सांगू नका'.

लुसाजो : मला खरंच माहीत नाही रे.

केशरबाई : काय इचारून राह्यला तो?

लुसाजो : आई शेवटी काय बोलली, ते विचारतो. मला माहीत नाही, मावशी.

केशरबाई : जेवला का म्हून इचारलं असंल. दुसरं काय इचारतीय आई?

अंबोकिले : मला मराठी कळती, मावशी.

केशरबाई : कळू दे. तुझ्यासाठीच बोलले.

लुसाजो : ऐक. उद्या आपण ठरल्याप्रमाणे जाऊ. पोलिसांशी मी बोलेन, हातापाया पडेन. बहीण आहे तुझी. तिची मुलं आहेत, त्यांनी तुला पाहिलंच नाही. आपण मिळून त्या केळींत जाऊ.

अंबोकिले : तू तुकुयुत उतरलास की काय होईल माहीत आहे? स्टँडवरचा पहिला माणूस विचारेल, काय होऊन आलास? दुसरा विचारेल. चर्चच्या दारात उभं करून विचारतील. तू कागद काढून दाखवशील. मी काय काढू?

लुसाजो : कोणी नाही विचारणार.

अंबोकिले : सगळे विचारतील. त्यांचा दोष नाही. मला निरोप द्यायला अख्खं गाव आलं होतं, तू पण होतास, खांबावर चढून बघत होतास. ती एकटी होती जिनं विचारलं नाही. दर वेळी फोनवर मी सांगायला लागलो की म्हणायची, ते राहू दे, तू दिसतोस कसा आता, बारीक झालास का? तिच्याकडे जायला मला काही व्हावं लागत नव्हतं.

लुसाजो : मी सांगेन सगळ्यांना, मला पास कोणी केलं. फाटकापाशी उभा राहून सांगेन.

अंबोकिले : सांग. आणि मग ते माझ्याकडे बघतील, तसं बघणं मला नकोय.

केशरबाई : अंबादास, मी एक बोलते. तू जा. माझ्याकडं पाहू नको. माझं काय, कांताबाई हाये शेजारी, पोरगी येती मधून मधून. तुझी बहीण तिथं एकटी रडत असंल. भाऊ गेला तर तिला बरं वाटंल.

अंबोकिले : बहिणीला तिचं घर हाये, मावशी.

केशरबाई : अन् तुला?

अंबोकिले : मला हे ताट हाये ना समोर.

केशरबाई : असं बोलू नको रं लेकरा. हिथं तू चोरावानी राहतोस. मी म्हातारी झाले. मी गेल्यावर कोण ठिवंल तुला?

अंबोकिले : तव्हाचं तव्हा पाहू.

लुसाजो : मग मी शनिवारी एकटा जाऊ?

अंबोकिले : जा. तुझी आई वाट बघत असेल. तिला आधी भेट, फॅक्टरीकडे मग जा. आणि लुसाजो...

लुसाजो : काय?

अंबोकिले : वडिलांना विचार, ते वाक्य पुरं काय होतं. तिनं अंबोकिलेला काय. पण मला कळवू नकोस. तुझ्याजवळ असू दे.

लुसाजो : मी असं कसं ठेवू?

अंबोकिले : ठेव. कधी मी विचारलं तर सांग.

केशरबाई : काय ठरलं? मला बी सांगा कोणीतरी.

लुसाजो : नाही येत म्हणतो, मावशी.

केशरबाई : अंबादास.

अंबोकिले : उद्या सकाळची पाळी हाये मला, मावशी. येळंवर उठवा.

केशरबाई : उठवते.